रविवारची खोली : बडोद्यातील मराठी मंडळांना खुले पत्र

मा. अध्यक्ष, कार्यवाह आणि कार्यकारिणी सदस्य,
बडोद्यातील सर्व मराठी मंडळे, वाचनालये व नाट्यसंस्था यांस,

स. न. वि. वि.

गेल्या वार्षिक सभेत आयत्या वेळच्या विषयांमध्ये मी एक सूचना मांडली होती. मंडळाची वरच्या मजल्यावरची खोली दर रविवारी सकाळी दोन तास मिळावी, तिथे आपली मुलं आणि आपले नाटकवाले एकत्र बसून व्हिडिओ गेमचं मराठीत भाषांतर करतील आणि जमलं तर पुढे स्वतःचा एखादा छोटा गेम तयार करतील, एवढीच सूचना. तिला अनुमोदन मिळालं नाही. एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "आधीच पोरं मोबाईलमधून डोकं वर काढत नाहीत, त्यात तुम्ही मंडळातच गेम आणणार?" सभा हसली, चहा आला, विषय संपला. मंडळाचं नाव मी लिहीत नाही, कारण शहरातल्या दुसऱ्या कुठल्याही मंडळात बहुधा हेच झालं असतं. म्हणून हे पत्र सगळ्यांनाच.

त्या ज्येष्ठांची काळजी मला कळते. माझ्याही घरात चौदा वर्षांचा मुलगा आहे. तो खेळतो इंग्रजीत, हेडफोन लावून मित्रांवर ओरडतो गुजरातीत, "चाल ने, कव्हर दे!", भांडतो हिंदीत. मराठी उरते ती "आजी, आलो जेवायला" एवढ्यापुरती. आम्ही पाच पिढ्या दांडिया बाजारात आहोत. पणजोबा गायकवाडी नोकरीत होते, त्यांची रोजनिशी घरात आहे आणि ती वाचू शकणारी आता मीच शेवटची. मुलगा दिवसाचे दोन तास ज्या जगात असतो त्या जगात मराठी नावाची भाषा आहे हेच त्याला ठाऊक नाही. मला टोचतं ते हे.

मी अकरा वर्षं घरी बसून ॲप आणि गेममधल्या मजकुराचं मराठी भाषांतर करते. त्यामुळे एका स्टुडिओचा इतिहास मला धंद्याचा भाग म्हणून कळत गेला आणि हळूहळू तो माझ्या मनात आपल्या मंडळांच्या गोष्टीला जोडला गेला. तो इथे सविस्तर सांगते, कारण सभेत मला दोनच मिनिटं मिळाली होती.

१९९४ साली पोलंडची राजधानी वॉर्सा इथे मार्चिन इविन्स्की आणि मिखाऊ किचिन्स्की या दोन शाळासोबत्यांनी 'सीडी प्रोजेक्ट' नावाची कंपनी काढली. भांडवल दोन हजार डॉलर. ऑफिस म्हणजे एका मित्राच्या फ्लॅटमध्ये बिनभाड्याची मिळालेली खोली. शाळा बुडवून गेम खेळणारी ही मुलं. कम्युनिस्ट राजवट जाऊन पाच वर्षंच झाली होती आणि सॉफ्टवेअरला कॉपीराइटचं संरक्षण देणारा कायदा पोलंडमध्ये आला तोच १९९४ साली. तोवर वॉर्साच्या संगणक-बाजारात शनिवार-रविवारी जे गेम विकले जायचे ते बहुतेक सगळे नकली. आपल्याकडे त्याच सुमारास पन्नास-साठ रुपयांना जशा सीडी मिळायच्या, तसंच. या दोघांनी अमेरिकेतून अस्सल सीडी-रॉम मागवून विकायला सुरुवात केली. पण नकली सीडी स्वस्तात मिळत असताना खऱ्या सीडीचे पैसे कोण मोजणार?

त्यांना उत्तर सापडलं ते स्वतःच्या भाषेत. 'बाल्डर्स गेट' हा कॅनडातल्या बायोवेअर स्टुडिओचा गेम १९९८च्या अखेरीस आला होता. पाच सीडींचा आणि संवाद म्हणाल तर कादंबरीच्या कादंबऱ्या भरतील एवढे. हा गेम या मंडळींनी पोलिशमध्ये आणायचं ठरवलं. खाली सबटायटलच्या दोन ओळी टाकून ते थांबले नाहीत. पूर्ण मजकुराचं भाषांतर केलं, रंगभूमी-सिनेमातले नामवंत नट बोलावून आवाज रेकॉर्ड केले. निवेदन केलं प्योत्र फ्रोन्चेव्हस्की यांनी, म्हणजे पोलंडमध्ये घराघरात ओळखला जाणारा आवाज. खोक्यात जुन्या कागदासारखा दिसणारा, लाखेची मोहोर लावलेला नकाशा घातला, नियमांचं पुस्तक घातलं, संगीताची वेगळी सीडी घातली. नकली सीडी विकणारा सीडीची प्रत काढू शकत होता. एवढ्या निगुतीनं भरलेलं खोकं त्याला परवडणारं नव्हतं. १९९९ साली हे खोकं दुकानांत आलं तेव्हा पहिल्याच दिवशी १८,००० प्रती गेल्या.

पोलंडची लोकसंख्या जेमतेम पावणेचार कोटींच्या आसपास. २०११च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख होते. एवढे आकडे शेजारी ठेवून मी पुढे जाते.

हे काम म्हणजे नेमकं काय, ते थोडं सांगायला हवं, कारण 'भाषांतर' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पुस्तक येतं. गेमचा मजकूर आमच्याकडे येतो तो एक्सेलच्या शीटमध्ये, तुकड्या-तुकड्यांत. आम्ही त्यांना स्ट्रिंग म्हणतो. इंग्रजीत एक स्ट्रिंग असते: अमुकने तमुक उचललं. अमुक आणि तमुक यांच्या जागी कंस असतात आणि खेळताना त्यात नावं आपोआप भरली जातात. इंग्रजीचं काम तिथे संपतं. मराठीचं तिथे सुरू होतं. तलवार उचलली, खंजीर उचलला, चिलखत उचललं. घोडा असेल तर घोड्याने, राणी असेल तर राणीने, शिपाई असेल तर शिपायाने. एका ओळीच्या जागी सहा-सात ओळी लागतात आणि प्रोग्रामरने तशी सोय ठेवलीच नसेल, तर भाषांतरकार "वस्तू उचलली : तलवार" असलं काहीतरी लिहून मोकळा होतो. मराठीत जे थोडेफार गेम दिसतात ते सरकारी फॉर्मसारखे वाचतात, ते यामुळे. पोलिशमध्ये हीच अडचण आहे, किंबहुना जास्त. तिथे नामाला सात विभक्ती लागतात आणि भूतकाळी क्रियापद बोलणारा पुरुष की बाई यावर बदलतं. पोलिश मुलांनी ते सोडवलं, कारण गेम हातात घेणारा पोलिश माणूस चुकीचं पोलिश ऐकून हसेल याची त्यांना लाज वाटत होती. ती लाज मला फार मोलाची वाटते.

आणखी एक गोष्ट, इंग्रजीतला 'यू'. खानावळवाला सरदाराला 'यू' म्हणतो, सरदार खानावळवाल्यालाही 'यू'च म्हणतो. मराठीत तू, तुम्ही, आपण यातलं एक निवडल्याबरोबर दोघांचं नातं ठरून जातं. एकदा एका एजन्सीने मला दोन हजार ओळी पाठवल्या, कोण कुणाशी बोलतंय याचा एकाही ओळीत उल्लेख नव्हता. विचारलं तर उत्तर आलं, "सगळीकडे 'तुम्ही' टाका." मी टाकलं. त्या गेममध्ये आज एक आई आपल्या तान्ह्या बाळाला "तुम्ही झोपा" म्हणते. माझं नाव त्यावर नाही, पण ते वाक्य माझं आहे आणि ते मला अजून छळतं. हे काम खोलीत चार जाणती माणसं एकत्र बसून करायचं असतं. आपल्याकडे पन्नास वर्षं एकांकिका बसवणारी माणसं आहेत. संवाद म्हणून पाहिल्याबरोबर त्यांना कळेल की इथे 'तू'च हवं.

आता पुन्हा वॉर्सा.

दुसऱ्याचे गेम पोलिशमध्ये आणता आणता त्यांना वाटलं, आता आपलाच करू. बाल्डर्स गेटच्याच कुळातला एक कन्सोलवरचा, म्हणजे टीव्हीला जोडायच्या खास यंत्रावरचा, गेम पीसीवर आणायचं काम त्यांनी हाती घेतलं होतं, ते मध्येच रद्द झालं. हाताशी अर्धवट शिकलेली विद्या राहिली. २००२ साली 'सीडी प्रोजेक्ट रेड' हा स्टुडिओ उभा राहिला. विषय त्यांनी घरातलाच घेतला. आंद्रजेय सापकोव्हस्की या पोलिश लेखकाची 'विचर' ही कथा १९८६ साली एका मासिकात आली होती, पुढे तिच्या कथा-कादंबऱ्या झाल्या. पैसे घेऊन राक्षस मारणारा एक भटका माणूस तिचा नायक. स्टुडिओने हक्क घेतले, वर्षभर खपून नमुना तयार केला, तो घेऊन प्रकाशकांकडे फिरले. नमुना कुणालाच आवडला नाही. तो टाकून देऊन त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पूर्वी ज्यांचा गेम निष्ठेनं पोलिशमध्ये आणला होता, त्या बायोवेअरनेच त्यांना आपलं इंजिन, म्हणजे गेम ज्यावर उभा राहतो ते मूळ सॉफ्टवेअर, वापरायला दिलं आणि २००४ साली अमेरिकेतल्या प्रदर्शनात आपल्या स्टॉलमध्ये जागाही दिली. पाच वर्षं, शंभरेक माणसं आणि सुमारे दोन कोटी झ्वॉती (पोलंडचं चलन) खर्च होऊन 'द विचर' ऑक्टोबर २००७मध्ये बाजारात आला.

तेव्हा पोलिश संवाद उत्तम होते आणि इंग्रजी संवाद फसले होते! कापून, आखडून केलेलं भाषांतर अशी टीका झाली. पुढच्याच वर्षी त्यांनी सुधारित आवृत्ती काढली, इंग्रजीच्या पाच हजारांहून जास्त ओळी नव्याने लिहून नव्याने रेकॉर्ड केल्या आणि ज्यांनी गेम आधी विकत घेतला होता त्यांना ही आवृत्ती फुकट दिली. अकरा वर्षं या धंद्यात काढल्यावर सांगते, भाषांतर चुकलं म्हणून एवढा खर्च करणारं दुसरं कुणी मी पाहिलेलं नाही.

मधला काळ भराभर सांगते. पहिला गेम कन्सोलवर आणायचा बेत २००९ साली बारगळला आणि कंपनी बुडायच्या बेतात आली, कशीबशी वाचली. मे २०११मध्ये दुसरा भाग आला. त्याच महिन्यात ओबामा वॉर्साला आले होते, तेव्हा पोलंडच्या पंतप्रधानांनी त्यांना भेटवस्तूंमध्ये हा गेम दिला. १९ मे २०१५ला तिसरा भाग आला आणि त्या वर्षीचे मोठे पुरस्कार घेऊन गेला. २०२३पर्यंत त्या एका भागाच्या पाच कोटींहून जास्त प्रती विकल्या गेल्या होत्या.

पण मला त्यातली आवडती गोष्ट विचाराल तर ती आहे दुपारची बाई. स्लाव लोककथांमध्ये 'पोवुदनित्सा' नावाचं भूत आहे, ऐन माध्यान्ही शेतात दिसणारं. भर उन्हात राबणाऱ्याला ते धरतं. तिसऱ्या भागात ते जसंच्या तसं आहे, पिवळ्या शेतात, डोळे दिपवणाऱ्या उन्हात. मुलगा ते खेळत होता, मी मागे उभी होते. मी त्याला म्हटलं, "माझी आजी सांगायची, दुपारी बाराच्या ठोक्याला पिंपळाखाली जाऊ नये." त्याने गेम थांबवला आणि विचारलं, "का?" मग मी त्याला मुंजा सांगितला, हडळ सांगितली, अमावस्येला पालखीतून फिरणारा वेताळ सांगितला, देवचार सांगितला. रात्रीचे साडेअकरा वाजले. आमच्या घरात इतकं सलग मराठी कित्येक महिन्यांत कुणी बोललं नव्हतं. आणि ते दार उघडलं एका पोलिश भुताने. आमच्या मुंज्याला कुणी गेममध्ये घेतलेलं मी तरी अजून पाहिलेलं नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स या छोट्या स्टुडिओने २०२० साली 'राजी' काढून दाखवलं, की आपल्या पुराणकथांवरचा गेम जगभर विकला जाऊ शकतो. लोककथांचं कोठार मात्र अजून भरलेलंच आहे.

या स्टुडिओची मी आरती ओवाळत नाही. सापकोव्हस्कींनी हक्क विकताना टक्केवारी न घेता एकरकमी पैसे घेतले, रक्कम किरकोळ होती. पुढे गेमने अफाट पैसा मिळवल्यावर २०१८ साली त्यांनी सहा कोटी झ्वॉतींची मागणी केली आणि २०१९च्या डिसेंबरात दोन्ही बाजूंनी नवा करार केला. आपल्या लेखकांनी आणि लेखकांच्या वारसांनी हे नीट वाचून ठेवावं. कुणी गेमसाठी हक्क मागायला आलं तर एकरकमी सही करू नये. दुसरं म्हणजे याच स्टुडिओचा पुढचा मोठा गेम, 'सायबरपंक २०७७'. कामगारांना सक्तीचे जादा तास लावणार नाही असं जाहीरपणे सांगून २०२०च्या सप्टेंबरात आठवड्याचे सहा दिवस काम लावलं. तरीही १० डिसेंबर २०२०ला गेम आला तो अर्धाकच्चा. जुन्या कन्सोलवर तो इतका अडखळायचा की आठवड्याभरात सोनीने तो आपल्या दुकानातून काढून टाकला, तो परत आला जून २०२१मध्ये. नीट म्हणावा असा व्हायला २०२३ उजाडलं. पहिल्या खोक्यातली ती लाज मधल्या काळात कुठे गेली, याचा मी बराच विचार केला आहे. मला वाटतं, भागधारकांना दिलेली तारीख खेळणाऱ्यापेक्षा मोठी झाली.

आता आपल्या शहराकडे येते. मराठी साहित्य संमेलन बडोद्यात चार वेळा झालं, १९०९, १९२१, १९३४ आणि २०१८ साली. २०१८च्या संमेलनात मी स्वयंसेवक होते, पुस्तकांच्या गाळ्यांपाशी. तीन दिवसांत 'नवी पिढी' हा शब्द इतक्यांदा ऐकला की मोजणं सोडून दिलं. नवी पिढी त्याच वेळी मंडपाबाहेर दुचाक्यांवर बसून मोबाईलवर खेळत होती आणि त्या खेळात आपला एक शब्द नव्हता.

सयाजीराव महाराजांनी १९१२ साली दोन लाख रुपये बाजूला काढले, त्यातून सयाजी साहित्यमाला उभी राहिली आणि जगभरचं ज्ञान मराठी-गुजरातीत आलं. मध्यवर्ती ग्रंथालय काढून ते थांबले नाहीत, लाकडी पेट्यांत पुस्तकं भरून ती खेड्यांत पाठवली. लोक ग्रंथालयाकडे येत नाहीत अशी तक्रार त्यांनी केली नाही, पेटी लोकांच्या दारात नेली. कलाभवन १८९० साली निघालं आणि सुरुवातीच्या त्या वर्षांत तिथे छायाचित्रण शिकून गेलेल्यांत दादासाहेब फाळके होते. छायाचित्रण हा तेव्हा सभ्य घरातल्या मुलाचा उद्योग मानला जात नव्हता. त्याला या शहराने एक वर्ग दिला, एक खोली दिली. तेच कलाभवन आज विद्यापीठाची तंत्रज्ञान शाखा आहे, शेजारी ललित कला शाखा आहे, संगीत-नाट्याची शाखा आहे. चित्र काढणारा, प्रोग्राम लिहिणारा आणि बोलणारा नट दोन-तीन किलोमीटरच्या परिघात मिळेल अशी शहरं फार नाहीत.

माझं मागणं लहान आहे. 'बॅटल फॉर वेस्नॉथ' नावाचा एक गेम आहे. २००३पासून जगभरचे स्वयंसेवक तो करतात, तो मुक्त आहे, फुकट आहे आणि डझनावारी भाषांत आहे. त्यात लढाया आहेत तशा गोष्टीही आहेत, संवादांनी भरलेल्या. भाषांतर करायला कुणाचा परवाना लागत नाही, साधा लॅपटॉप पुरतो. सहा महिने आपण त्याचं मराठी करू. मुलं खेळून सांगतील कुठे काय विचित्र वाटतंय, ज्येष्ठ सांगतील तिथे काय हवं. नंतर 'गोडो' नावाच्या मोफत इंजिनमध्ये आपला दहा मिनिटांचा गेम करू. त्याच्या चौथ्या आवृत्तीपासून देवनागरी नीट उमटते, जोडाक्षरं फुटत नाहीत, पहिली वेलांटी भलत्या अक्षराला चिकटत नाही. जुन्या साधनांत या एका गोष्टीने मला रडवलं आहे. गोष्ट आपल्यातलीच असेल, आवाज आपल्या नटांचे असतील, आणि बोली पुण्याची आणायची गरज नाही. 'सेव-उसळ' म्हणणारी, गुजराती शब्द सहज पोटात घेणारी बडोद्याची मराठी त्यात असू द्या. तीही त्यात नोंदली जाईल.

यासाठी हवं आहे ते असं: रविवारी सकाळी नऊ ते अकरा एक खोली, दोन पंखे, वायफाय, आणि वार्षिक स्पर्धांच्या पत्रकात निबंध, वक्तृत्व, नाट्यवाचन यांच्या खाली एक ओळ, 'मराठी गेम-संवाद लेखन'. बक्षिसाची रक्कम पहिली तीन वर्षं मी देईन. वाचनालयाच्या कपाटांना आम्ही हात लावणार नाही. सत्रात मोबाईल कशासाठी उघडायचा याचा नियम त्या ज्येष्ठांनीच करावा, ते येऊन बसले तर मला खरंच आनंद होईल. त्यांचे उच्चार स्वच्छ आहेत, आणि गोष्टीत एक म्हातारा किल्लेदार लागणार आहे.

पुढच्या कार्यकारिणीच्या बैठकीत हा विषय आयत्या वेळच्या विषयांत न ठेवता विषयपत्रिकेवर घ्यावा, ही विनंती. मी लॅपटॉप आणि वेस्नॉथच्या पहिल्या मोहिमेच्या चाळीस ओळींचं मराठी घेऊन येईन. मुलगाही येतो म्हणाला आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली,
दांडिया बाजारातील एक आजीव सभासद, बडोदे